खिडकीकडे निळी

चिमटीने मूग गिळले त्याला पाच आठवडे झाले होते, आणि ते काही केल्या पचत नव्हते.

चिमटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. बोटं लांब आणि बारीक, म्हणून मामांनी ते ती लहान असताना ठेवलं आणि पुढे कामावरही तेच चिकटलं. फायबर जोडायचं काम तिला शिकवलं तेही मामांनीच. कामावर ती चिकटली होती, पण नोकरी अजून पक्की झालेली नव्हती.

रिबन केबलमध्ये काचेचे बारा धागे शेजारी शेजारी चिकटवून चपटी फीत केलेली असते. निळा, केशरी, हिरवा, तपकिरी असं करत बाराव्या आकाशीपर्यंत रंगांचा क्रम ठरलेला. केबलच्या टोकाला ही फीत आणि बारा प्लग लावलेली दुसरी तयार फीत समोरासमोर धरायची, दोन्हींचं रंगीत साल काढायचं, की मशीन एका ठिणगीत बाराही धागे सांधून देतं. पण साल निघालं की काच ती काच. निळा कुठला आणि आकाशी कुठला हे मशीनला कळत नाही. एखादी फीत उलटी बसली तरी ते बिचारं बारा जोड उत्तम झाल्याचं सांगून मोकळं होतं. म्हणून मामांचा एकच नियम होता, खिडकीकडे निळी. फीत डावीकडची असो की उजवीकडची, तिची निळी कड खिडकीकडे ठेवायची. तीस वर्षांत मामा चुकले नव्हते.

त्या दिवशी केबलच्या हॉस्पिटलकडच्या टोकाला मामा होते आणि टेलिफोन एक्स्चेंजमधल्या टोकाला चिमटी. तीन फिती बिनबोभाट झाल्या. चौथीची डावी बाजू तिने निळी खिडकीकडे करून होल्डरमध्ये घट्ट बसवली, आणि तेवढ्यात वरचा एसी टेबलावर ठिबकायला लागला. मशीनवर पाणी म्हणजे संपलंच. तिने आणि वॉचमनने टेबल जसंच्या तसं उचललं, फिरवलं आणि समोरच्या भिंतीला नेऊन लावलं. केबलला ढील होती, काही ताणलं नाही. चिमटी पुन्हा खुर्चीवर बसली. मघाशी खिडकी तिच्या समोर होती, आता पाठीमागे. तिने उजवी फीत उचलली आणि अगदी शिकवल्याप्रमाणे तिची निळी कड खिडकीकडे केली. डाव्या फितीची निळी मात्र आता भिंतीकडे होती.

मशीन म्हणालं, बाराही उत्तम. संध्याकाळी मीटरही तेच म्हणाला. प्रकाश इकडून तिकडे झकास जात होता, फक्त भलत्याच दारातून बाहेर पडत होता.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये गोंधळ उडाला. तीन नंबरचं दहाला गेलं, दहाचं तीनला. एक्स-रेचे फोटो कपडे धुण्याच्या विभागात पोचले आणि डॉक्टरांच्या पडद्यावर चादरींचे हिशेब आले. ऐकून सगळे हसले. पण पाय मोडलेल्या एका म्हाताऱ्याला त्यापायी अर्धा दिवस तसंच कण्हत पडून राहावं लागलं, हे चिमटीला नंतर कळलं.

सुपरवायझरला सगळे पाठीमागे घड्याळसाहेब म्हणत, कारण माणूस समोर आला की ते आधी मनगटाकडे बघत. चौथी फीत उलटी आहे एवढं त्यांच्या लक्षात आलं. कुठल्या टोकाला, हे मीटर सांगत नाही. त्यासाठी जोड ठेवलेला ट्रे उघडून रंग बघावे लागतात. घड्याळसाहेबांना तेवढा वेळ नव्हता.

"मामा, तुमच्याच टोकाला असणार," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "मोतीबिंदू व्हायला लागलाय म्हणून तुम्हीच सांगत होता ना?"

टेबल! चिमटीला त्याच क्षणी आठवलं. सांगायचं होतं, पण ती खाली बघून केबल गुंडाळत राहिली. मामांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, पेटी उचलली आणि ते हॉस्पिटलला गेले. दोन तासांनी फोन आला. त्यांनी आपल्या टोकाला फीत उलटून पुन्हा जोडली होती आणि सगळं सुरळीत चालू झालं होतं.

"माझंच चुकलं," मामा म्हणाले.

सोमवारपासून त्यांना स्टोअरला बसवलं. तीस वर्षं काचेचे केस सांधणारा माणूस चिठ्ठी बघून स्क्रू मोजून द्यायला लागला.

चिमटीने आपल्या मनाची समजूत घातली. मामांना रंग नीट दिसले नसतील. सरळ फीत त्यांना उलटी वाटली असेल, आणि दोन्ही टोकं उलटी झाली की क्रम आपोआप जुळतो. म्हणजे डोळे खरंच अधू झालेत, आज ना उद्या हे होणारच होतं. समजूत दिवसभर टिकायची आणि जेवायला बसलं की मोडायची. तिला स्वतःची लाज वाटत होती. स्टोअरमधून काही आणायचं असलं की ती दुसऱ्या कुणाला तरी पाठवायची. आई म्हणाली, "अगं, मामाकडे जाऊन ये, किती दिवस झाले," की हिला नेमकं डोकं धुवायचं असायचं. इतकं डोकं तिने जन्मात धुतलं नव्हतं.

शेवटी एका सुट्टीच्या दुपारी ती गेली. दार नुसतं लोटलेलं होतं.

"ये बाई," मामी शिलाई मशीनवरून म्हणाली. "हल्ली दार असंच असतं. दिवेलागणीपर्यंत कडी लावू देत नाहीत हे मला. कोण यायचंय कोण जाणे."

मामा खिडकीशी बसून मामीची दोऱ्याची रिळं एका फळीवर मांडत होते. पहिलं निळं, मग केशरी, मग हिरवं. चिमटीला नुसतं उभं राहवेना म्हणून ती मदतीला बसली आणि तिने टोपलीतलं एक रीळ पुढे केलं.

"हे काळं नाही, तपकिरी आहे," मामा वर न बघता म्हणाले. "काळं आणखी चार घरं पुढे."

तिने रीळ उजेडात धरलं. तपकिरीच होतं. तिच्या तरण्या डोळ्यांना जे दिसलं नाही, ते मामांना मान वर न करता दिसलं होतं.

"मामा," ती म्हणाली, "तुम्हाला दिसलं होतं."

"काय?"

"तुमची फीत सरळ होती. तुम्ही मुद्दाम उलटी केलीत."

मामांनी केशरी रीळ जरा डावीकडे सरकवलं. "ट्रे उघडला तर निळीसमोर निळी. मग म्हटलं, आता राहिलं कोण? तुझी नोकरी पक्की व्हायला अजून दीड महिना होता. माझ्या नावावर एक चूक खपून जाते."

"तुम्हाला स्टोअरला टाकलं!"

"हं. ते नव्हतं वाटलं मला." त्यांनी हिरवं रीळ उचलून पुन्हा तिथेच ठेवलं. "वाटलं होतं, संध्याकाळपर्यंत येशील. येऊन नुसतं सांगितलं असतंस तरी पुरे होतं. ती संध्याकाळ गेली. मग म्हटलं, उद्या येईल."

चिमटीने दाराकडे पाहिलं. पाच आठवडे. ती इकडे डोकं धूत बसली होती आणि हा माणूस रोज कडी काढून वाट बघत होता. ती ढसाढसा रडली. मामीचं मशीन थांबलं. मामांनी तिला रडू दिलं आणि मग फक्त त्यांनाच सुचावा असा प्रश्न विचारला.

"उलटली कशी पण?"

तिने एसीचं, टेबलाचं, वॉचमनचं सगळं सांगितलं. मामांनी कपाळावर हात मारला.

"खिडकीकडे निळी," ते पुटपुटले. "टेबल हलू शकतं, हे तीस वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही बघ."

"चूक माझीच आहे, मामा. टेबलाची नाही आणि तुमची तर नाहीच."

तिने नाक पुसलं आणि तिथेच बसून घड्याळसाहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"लाइन चालू आहे ना?" ते म्हणाले. "मग कशाला उकरून काढतेस?"

"मामांचे डोळे ठीक आहेत, साहेब. त्यांना परत मशीनवर घ्या. मी लेखी देते."

"पुढच्या आठवड्यात तुझा कागद सहीला येतोय. लक्षात आहे ना?"

"आहे," चिमटी म्हणाली.

साहेब तिकडे मनगटाकडे बघत असावेत. "उद्या दहाला या. दोघंही."

नोकरी राहील की जाईल, मामांना मशीन परत मिळेल की नाही, यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. चिमटीला हलकंही वाटत नव्हतं. पाच आठवडे काही कुणी परत देणार नव्हतं. पण निघताना तिने मामांच्या डोळ्यांत बघितलं, आणि ते तिला जमलं.

"दोन्ही टोकं उघडायला लागतील," मामा म्हणाले. "माझं मी सरळ करीन. तुझं तू कर."

ती उंबरठा ओलांडून जिन्यापाशी आली, तेव्हा आतून मामांचा आवाज आला.

"लाव गं आता कडी."