झुकेनाशी झालेली गाडी

मोरेश्वरच्या ट्रकचं डोलणं बंद करा, हा हट्ट प्रतिभाचाच. कापूस भरला की वळणावर ट्रक असा झुकायचा, की नवऱ्याशेजारी बसलेली ती देवाचा धावा करायची. शेवटी सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर सौंसरच्या भिवाजी मिस्त्रीनं डाव्या-उजव्या चाकांना खालून जोडणारा, गाडीचं झुकणं आवरणारा आडवा दांडा काढला आणि त्याहून चांगला जाड दांडा बसवला.

ट्रक झुकेनासा झाला. मोरेश्वरची मान मात्र ताठली. पांढुर्ण्याला निघताना त्यानं कापसाचा आणखी एक थर चढवला. प्रतिभाही त्याच ट्रकनं तिथल्या भावाकडे बारशाला निघाली होती.

"अहो, इतकं उंच कायले?"

"तूच तं म्हणत होती नं, झुकते म्हून? आता पाह्य, देवळाच्या ओट्यावानी बसली हाये."

ओट्याला खड्डे लागत नाहीत, रस्त्याला लागतात. पूर्वी एक चाक खड्ड्यात गेलं की तेवढी बाजू दणकायची. आता अख्खा ट्रक हादरत होता. मांडीवरचा लाडवांचा डबा तिनं घट्ट धरला.

मोहगाव सुटलं आणि उजवं वळण आलं. मोरेश्वरनं वेग कमी केलाच नाही. ट्रक ताठ उभा, पण टायर किंचाळले आणि कॅबिनमध्ये टांगलेली पाण्याची छागल झुलत डाव्या काचेवर आपटली.

"हळू चालवा नं!"

"कायले? झुकून राहिली काय?"

तेव्हा तिला उमगलं. ट्रक झुकला की पूर्वी दोघंही भ्यायचे. ती देवाचं नाव घ्यायची, हा मुकाट ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा. त्याची ती भीती तिनंच हौसेनं काढून टाकायला लावली होती. आता माल उंच, वेग जास्त आणि घाबरायला ती एकटी.

सांगून तो ऐकणाऱ्यातला नव्हता. पुढचं उजवं वळण दिसताच तिनं दाराची कडी पक्की लागल्याचं चाचपून पाहिलं, डबा पायाशी ठेवला आणि सगळं अंग दारावर झोकून दिलं. धाडकन!

मोरेश्वरचा पाय झटक्यात वर आला. "काय झालं वं?"

"गाडी झुकली नं! पडली मी दारावर."

"मले तं नाही जाणवलं."

"तुम्ही स्टेरिंग धरून बसले. मी काय धरू?"

पुढची वळणं त्यानं बैलगाडीच्या चालीनं घेतली. पांढुर्ण्यात पोचल्याबरोबर तो ट्रकखाली शिरला.

"दांड्याचे नट तं पक्के हायेत!" खालून आवाज आला.

प्रतिभा डावा खांदा चोळत उभी राहिली. परतीला ट्रक रिकामा, म्हणजे हा आणखी उडवणार. आणि येतानाची उजवी वळणं आता डावी होणार. डाव्या वळणावर अंग उजवीकडे जाणार, आणि तिकडे तिला दार नाही. पडायचं तर ह्याच्याच अंगावर.