अंगाईची समीक्षा

एका पायात चप्पल घालून ती दाराबाहेर तशीच उभी राहिली. आत सासूबाईंनी बाळाला मांडीवर घेऊन सूर लावला होता.

"आई गेली कामाला, दार लावून गेली,
बाळाच्या वाट्याची सांज घेऊन गेली."

रोज हेच, आणि नेमकं तिचं पाऊल बाहेर पडलं की. जगात अंगाईगीतांचा काय दुष्काळ पडला होता? सासूबाई तोंडावर कधी वावगं बोलत नसत. उलट, उशीर होईल तुला, नीघ, म्हणून तिच्या हातात डबा देत. पण न बोलणाऱ्या माणसाकडेच जास्त कान द्यावा लागतो, हे तिला तिच्या विषयानं शिकवलं होतं.

संध्याकाळच्या कॉलेजात ती समीक्षा शिकवायची. एकच कविता घ्यायची आणि ती निरनिराळ्या पद्धतींनी वाचायची. रूपवादी तिची बांधणी तपासणार, मानसशास्त्रीय वाचन दडपलेलं उकरून काढणार, स्त्रीवादी विचारणार की दोष कोणाच्या माथी मारलाय. नियम मात्र पहिल्याच तासाला सांगून ठेवलेला: कवीला विचारायचं नाही. त्याच्या मनात काय होतं ते त्याच्यापाशी. आपल्यापुढे फक्त शब्द.

त्याच नियमानं ती घरातलं गाणं वाचत सुटली. 'दार लावून' हा आरोप. 'वाट्याची' म्हणजे तर सरळ चोरीच. हल्ली ती घरी परतली की बाळ आजीच्या खांद्यात तोंड खुपसायचं. कानावर रोज हेच पडलं तर पोर उद्या आपल्याला परकं मानेल. शेवटी एका सकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं, आईंना हे गाणं बंद करायला सांग. तो हसला. "तुला भाजीच्या पिशवीतही अर्थ सापडतात," म्हणाला. पण सांगतो म्हणाला.

त्या संध्याकाळी, कोणाची ते न सांगता, तिनं त्या दोन ओळी फळ्यावर लिहिल्या. वर्ग तुटून पडला. टोमणा, आरोप, बाईनंच बाईवर ठेवलेली पाळत. फळा भरला. आपला संशय इतक्या तोंडांनी खरा ठरतोय, याचं तिला बरं वाटत होतं. तेवढ्यात नेहमी घड्याळाकडे डोळे लावून बसणारी एक मुलगी म्हणाली, "पण मॅडम, ही दुसऱ्या कोणाला बोलतेय कशावरून? स्वतःलाच बोलत असेल."

"तेही एक वाचन," ती म्हणाली आणि फळा पुसायला वळली. घरी जाताना बसमध्ये बसायला जागा असूनही ती उभीच राहिली.

घरात गाणं नव्हतं. रेडिओवर कोणीतरी उद्याचं हवामान सांगत होतं. सासूबाई बाळाला थोपटत होत्या.

"दुपारी सांगून गेला तो," त्या म्हणाल्या. "नाही म्हणणार आता."

"आई, ते गाणं कुठलं हो?"

"कुठलं म्हणजे? माझंच. औषधांच्या कारखान्यात दुसरी पाळी असायची मला. तुझा नवरा एवढासा होता, शेजारणीकडे टाकून जायची. चालता चालता जुळवलेलं, आपलं मनातल्या मनात म्हणायची. त्याला कधी म्हटलंच नाही. मी येईपर्यंत झोपलेला असायचा." त्यांनी बाळाच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. "म्हटलं, निदान याला तरी."

ती त्यांच्याजवळ खाली बसली. मला वाटलं की, एवढं म्हणून ती अडली.

"म्हणा ना आई. मी इथेच बसते."

"नको गं." आवाजात राग नव्हता, त्याचीच तिला भीती वाटली. "तो सांगून गेल्यावर म्हणून बघितलं मी. तुला ऐकू यायचं ना, तसंच ऐकू यायला लागलं मला."

रेडिओवर आता कुठल्याशा धरणातल्या पाण्याची पातळी सांगत होते. बाळाचे डोळे मिटत आले होते. तिनं हात लांब करून आवाज बारीक केला. बाळ चुळबुळलं, ओठ काढून रडायच्या बेतात आलं. सासूबाईंनी आवाज पुन्हा होता तेवढा केला.