मोंजीच्या गाडीचं डिपर

वाळवंटाकाठच्या तताविन शहराच्या टॅक्सीतळावर मोंजीचं नाव निघालं की चालक मंडळी तोंड वाकडं करत. मोंजी तताविन ते रमादा अशी आठ प्रवाशांची लुआज, म्हणजे सामायिक टॅक्सी, चालवायचा. दिवस मावळला की त्याच्या गाडीचे दिवे जे अप्परवर जात, ते रमादा येईपर्यंत खाली येत नसत. समोरचा डिपर मारून मारून थकायचा, हॉर्न वाजवायचा, खिडकीतून हात काढून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. मोंजी ढिम्म.

"काय रे, एवढा कसला माज?" तैयब एकदा सगळ्यांसमोर गरजला होता. तैयब म्हणजे वीस वर्षांपासूनचा त्याचा सोबती, त्याच रस्त्यावरचा चालक. "आमचे डोळे काय भाड्याने आणलेत?"

"रस्ता नीट दिसायला हवा मला," एवढं म्हणून मोंजीने पाठ फिरवली. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

खरी गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी ऑलिव्ह उतरवताना तो शिडीवरून पडला आणि डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण त्या हाताची बोटं ताठरच राहिली; थंडी पडली की तर लाकडासारखी व्हायची. चाक धरता यायचं, तळव्याने वळणाचा दिवा देता यायचा; पण डिपरचा दांडा बोटांनी अलगद ओढणं काही जमेना. हे बाहेर फुटलं तर परवाना जाईल, या धास्तीने तो माजोरडा म्हणवून घेत राहिला. रात्री घरी येऊन चूपचाप जेवायचा.

जानेवारीतल्या एका गुरुवारी त्याने गाडी नजातच्या दुकानातून उचलली. नजात त्याची थोरली मुलगी. गाड्यांच्या वायरिंगचं काम करायची. दिवसभर गाडी तिच्याकडेच होती.

"काय केलंस गं एवढं?"

"तारा जुन्या झाल्या होत्या, बाबा. जा आता, प्रवासी खोळंबलेत."

साडेपाचला तो निघाला. शेजारच्या सीटवर नेहमीची प्रवासी, म्हातारी हाज्जा मनूबिया, मांडीवर मक्रूडचा, म्हणजे खजूर भरलेल्या गोड वड्यांचा डबा. शहर मागे पडलं, उजेड ओसरला आणि मोंजीने हात लावण्याआधीच गाडीचे दिवे लागले.

मोंजी दचकला. 'पोरीने तारांची अदलाबदल केली वाटतं,' तो मनात म्हणाला. तेवढ्यात समोरच्या चढावर एक ट्रक उगवला. मोंजीने सवयीने मान खाली घातली, शिव्या ऐकायची तयारी केली. पण त्याच्या गाडीचा झोत आपोआप खाली बसला. ट्रक गेला, झोत पुन्हा वर. ट्रकवाल्याने जाता जाता एक छोटासा हॉर्न दिला, आभाराचा.

"अल्ला!" मोंजी पुटपुटला.

"काय झालं रे?" हाज्जाने विचारलं.

"काही नाही, हाज्जा."

दुसरी गाडी आली. झोत खाली, झोत वर. तिसरी आली. चालकाने चक्क हात उंचावला. आता मोंजीला आरशामागे, काचेला चिकटवलेली काडेपेटीएवढी काळी डबी दिसली. तिच्यातून निघालेली तार छतामागे गेली होती.

"आज लोक तुला सलाम काय करतायत!" हाज्जा म्हणाली. "निवडणुकीला उभा राहिलास की काय?"

मागची मंडळी खदखदून हसली, आणि कित्येक महिन्यांनी मोंजीही हसला. मग तो समोरच्या दिव्यांची वाटच बघू लागला. रमादापर्यंत अकरा गाड्या आल्या. हाज्जा प्रत्येकीला "हा बघ, आणखी एक!" म्हणत टाळी वाजवायची आणि मक्रूड वाटायची.

रमादाला पोचताच त्याने फोन लावला. "नजात, ती डबी कसली?"

"समोरचा उजेड ओळखते ती. गाडी आली की दिवा खाली, गेली की वर. अंधार पडला की दिवे लावते. बाकी सगळं तुलाच करायचंय."

"आणि हे तुला कुणी सुचवलं?"

"गेल्या आठवड्यात तुझ्याशेजारी बसले होते. दिवे लावायला तू उजवा हात चाकाखालून पलीकडे नेलास. बाबा, मला आंधळी समजतोस? रविवारी डॉक्टरकडे जायचंय. डबीने दिवे सांभाळले, हात आपण सांभाळायचा. नाही म्हणालास तर काढून घेईन डबी!"

"येतो गं बाई, येतो," तो म्हणाला. आणि लगेच फोन ठेवला.

तताविनला परत आला तेव्हा तळावरच्या चहावाल्यापाशी तैयब उभा होता. जाताना वाटेत तोही समोरून गेला होता.

"मोंजी," दोन वर्षांनी तो पहिल्यांदा बोलला, "मघाशी तूच होतास ना? मला वाटलं, गाडी विकलीस."

मोंजीने डावा हात पुढे केला. "बोटं चालत नाहीत रे. पडलो त्यापासून."

तैयबने तो थंडगार हात दोन्ही हातांत धरला, उलटापालटा करून पाहिला. "गाढवा! दोन वर्षं शिव्या खाल्ल्यास, पण तोंड नाही उघडलंस? आणि मी, मीही..." तो हात चोळतच राहिला, आणि तसाच चहावाल्यावर ओरडला, "दोन चहा, पुदिना घालून, गरम! आणि हिशेब माझ्याकडे!"

"पोरीला सांग," चहा घेताना तो हळूच म्हणाला, "माझ्याही गाडीला तसली एक डबी हवी. रोज दांडा ओढून कंटाळलोय."

"नंबर लाव," मोंजी ऐटीत म्हणाला. "माझ्या मुलीकडे फार गर्दी असते."