गळका म्हणून बदनाम झालेला तांब्या

मित्रांनो, मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे, आणि सगळ्यात आधी सांगून टाकतो की मी गळका नाही. कधीच नव्हतो.

फोंडाघाटच्या बाजारात मला काशिनाथरावांनी विकत घेतलं. ते देवगडच्या पोस्टात कारकून होते. माझ्या गळ्याला आटे आहेत. त्यावर झाकण फिरवून घट्ट बसवलं की एसटी घाटात कितीही हिंदकळो, थेंब बाहेर येत नसे. झाकणच पेला. आजूबाजूची माणसं प्रवासाला निघाली की मला मागून नेत. अशी माझी पत होती!

सत्त्याऐंशी साली दिवाळीच्या सुट्टीत, सरकारी सवलतीवर, काशिनाथराव कुटुंबाला घेऊन राजस्थानात वाळवंट बघायला निघाले. बरोबर पत्नी रुक्मिणीबाई आणि सहा वर्षांची दुर्गा. पाण्यासाठी अर्थातच मी.

आता कोकणातली रीत तुम्हाला ठाऊक आहे. रात्रीचं पाणी शिळं. सकाळी ते माडाच्या मुळात ओतायचं आणि विहिरीचं ताजं भरायचं. रुक्मिणीबाईंनी जैसलमेरच्या धर्मशाळेतही तेच केलं. मला कडुनिंबाखाली उपडं केलं आणि नळाकडे गेल्या, तर नळ कोरडा. वाटेत कुठेतरी विहीर लागेलच, असं म्हणून त्यांनी माझं झाकण लावलं आणि मला पिशवीत कोंबलं. वाळवंटात विहीर! मी आत नुसता जळत होतो, पण तांब्याचं कोण ऐकतं?

उंटावर बसायची गंमत तासभर टिकली. मग ऊन तापलं. दुर्गेने खारे शेंगदाणे खाल्ले होते, तिचा घसा सुकला आणि ती रडू लागली. काशिनाथरावांनी मला उघडून उलटं केलं. आत काही नव्हतं.

"ह्यो तांब्यो गळता," ते म्हणाले.

अहो, गळलो असतो तर पिशवी भिजली नसती का? आतला टॉवेल कोरडा ठणठणीत होता! तो चाचपून बघायचंही या शिकल्यासवरल्या माणसाला सुचलं नाही.

दुर्गा रडता रडता म्हणाली, "आयेन सकाळी झाडाक वतल्यान."

"गप रव गो," रुक्मिणीबाई म्हणाल्या. त्यांनी मान दुसरीकडे वळवली आणि आळ माझ्यावर राहिला.

शेवटी उंटवाल्याने आपल्या पखालीतलं पाणी माझ्यात ओतलं. दुर्गा माझ्या झाकणाने घटाघटा प्यायली. उरलेलं पाणी मी उंटावर हेलकावे खात संध्याकाळपर्यंत जपलं. आणि काशिनाथरावांनी काय केलं? धर्मशाळेच्या दारात, त्या उंटवाल्यादेखत, माझ्यातल्या पाण्याने पाय धुतले. तांब्या गळका असता, तर हे पाणी आलं कुठून? संताप झाला माझा.

घरी आल्यावर त्यांनी शेजारीपाजारी गळक्या तांब्याची गोष्ट रंगवून सांगितली. प्लास्टिकची बाटली आली. मी माळ्यावर गेलो, काळा पडलो. दुर्गा कुणाला खरं सांगू गेली की आगाऊ ठरे.

मग काही वर्षांनी चतुर्थीच्या साफसफाईत मी खाली आलो. मला मोडीत द्यायचं ठरलं. दुर्गेने मला उचललं, विहिरीवर नेऊन काठोकाठ भरलं, झाकण आवळलं आणि ओटीवर वडील वाचत होते त्या वर्तमानपत्रावर मला उपडं ठेवलं. मी जिवाच्या करारावर घट्ट उभा राहिलो. कागद कोरडाच राहिला.

काशिनाथरावांनी कागद चाचपून बघितला. मग म्हणाले, "फिरकी आपसूक बसली वाटता."

रुक्मिणीबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "फिरकी चांगलीच होती. ता पाणी मीच वतलंय. चेडू खरा बोलला होता."

त्यांनी दुर्गेला जवळ घेतलं, तेव्हा कुठे पोरीला रडू फुटलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तर मी सांगेनच. पण वस्तूवर आळ घेण्याआधी आपण काय केलं ते आठवा. माझं काय, चिंच लावून घासलं की मी पुन्हा लखलखतो. पण इतकी वर्षं ती पोर खोटी ठरली, त्याचं काय?