बाबांची बाही

ताईचं डोकं फिरलं होतं, आणि का फिरू नये? सख्ख्या भावाने तिला न विचारता पुरुषांसाठी नवं सेंट बनवलं होतं आणि बाटलीवर नाव दिलं होतं 'बाबा'. बाबा म्हणजे त्यांचे वारलेले वडील, जन्मभर लाकडं सुकवायच्या भट्टीवर राबलेला माणूस. त्याने आयुष्यात सेंट लावलं नाही, आणि हा निघाला त्यालाच बाटलीत भरून विकायला.

"हुंगून तर बघ," भाऊ कागदाची पट्टी पुढे करत म्हणाला. ताईच्या नाकाने पास केल्याशिवाय त्यांच्या कारखान्यातून थेंब बाहेर जात नसे.

तिने हुंगलं. "नुसतं स्पिरिट आहे. बापाच्या नावावर लोकांना फसवतोस?"

लेबलं चिकटवणाऱ्या आईने ती पट्टी घेतली, नाकाशी धरली आणि खाली ठेवायचं नावच घेईना. "धूर, ओलं लाकूड... तेच आहेत गं," ती म्हणाली.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला शिकवताय? त्यांचा स्वेटर रोज माझ्या अंगावर असतो." तिने तावातावाने बाही नाकाला लावली. बाहीला कसलाच वास नव्हता.

"वास घेऊन घेऊन नाक थकलं की आपण सेंटवाले आपलीच बाही हुंगतो," भाऊ हळूच म्हणाला. "तू इतकी वर्षं त्याच बाहीवर नाक ताजं करतेस. तुझ्या नाकाला तो वास आता वासच वाटत नाही. मी तिथूनच घेतला तो. तू जेवायला जायचीस तेव्हा स्वेटर खुंटीला असायचा."

"चोर आहेस तू," ती म्हणाली. पण राग खरा स्वतःचाच आला होता. जपते जपते म्हणत तिनेच बाबांना पुसून टाकलं होतं. तिने स्वेटर काढून आईच्या अंगावर फेकला. "कपाटात टाक. मला दाखवू नकोस."

महिनाभर ती भावाशी बोलली नाही. स्वेटरशिवाय, कुडकुडत काम करायची.

मग एका सकाळी टेबल आवरताना ती पट्टी हाती लागली. सवयीने नाकाशी गेली, महिनाभर बाही न हुंगलेल्या नाकात वास शिरला, आणि बाबा भट्टीवरून आल्यासारखे दारात उभे राहिले. "बाबा!" तिच्या तोंडून निघून गेलं.

भाऊ धावत आला. "मग? पास?"

"यातली एक बाटली जरी बाजारात गेली ना," ताई म्हणाली, "तर तंगडं मोडीन तुझं." पट्टी तिने नाकापासून हलवली नाही.