न उचललेला पटका

सातारच्या सेशन कोर्टात असेसर म्हणून बसायचा हुकूम आला तेव्हा लालासाहेबाची छाती दोन बोटं फुगली होती. पहिल्या लढाईत हवालदार म्हणून बसऱ्यापर्यंत जाऊन आलेला माणूस. कऱ्हाडाच्या खाली कृष्णाकाठी उसाची जमीन, गावात शब्दाला वजन. आता खुनाच्या खटल्यात जज्जाला मत द्यायचं, म्हणजे काय थट्टा झाली! बायकोनं, साळूबाईनं, पांढरा पटका नीळ घालून धुऊन दिला. तो झोकात बांधून गडी सर्व्हिस मोटारीनं साताऱ्याला पोचला, आणि पहिल्याच दुपारी त्याची सगळी हौस फिटली.

असेसर म्हणजे काय चीज असते ते त्याला तिथं कळलं. तिघांना एका बाकावर बसवायचं. त्यांनी साक्षीपुरावा ऐकायचा आणि शेवटी जज्जानं विचारलं की दोषी का निर्दोष तेवढं सांगायचं. जज्जाला ते रुचलं नाही तर त्यानं ते खुशाल बाजूला सारायचं. मग आम्हाला बोलावलंत कशाला, असं लालासाहेबानं शिरस्तेदाराला विचारलं, तर कायद्यात आहे म्हणून, असं तो जांभई देत म्हणाला.

बाकावरचे दुसरे दोघे म्हणजे नमुनेच होते. एक नानासो, गुळाचा अडत्या. संध्याकाळची मोटार चुकेल या घोरानं तो सारखा खिडकीतून ऊन किती उतरलं ते बघायचा. दुसरे कुठलेसे इनामदार. साक्षीदार बोलायला लागला की ते डोळे मिटून घ्यायचे आणि सरकारी वकील उठला की उघडायचे. एका माणसाचा जीव टांगणीला लागलाय आणि हे घोरतायत. लालासाहेबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तो माणूस समोर पिंजऱ्यात उभा होता. बिराप्पा त्याचं नाव, माणदेशाकडचा धनगर. खांद्यावर घोंगडं, कपाळाला भंडाऱ्याचा पिवळा डाग, आणि डोकं उघडं. म्हाताऱ्या धनगराचं उघडं डोकं बघून लालासाहेबाला कसंसंच झालं. मग त्याची नजर जज्जापुढच्या टेबलावर गेली. तिथं एक मळका तांबडा पटका ठेवला होता आणि त्याला सुतळीनं चिठ्ठी बांधली होती. मुद्देमाल.

खटला असा होता. माघ महिन्यात वडूजच्या बाजूला बिराप्पाची मेंढरं कृष्णात नावाच्या शेतकऱ्याच्या हरभऱ्यात शिरली. कृष्णात काठी घेऊन हाकलायला धावला. घटकाभरानं लोक जमले तेव्हा कृष्णात तालीच्या बांधाखाली दगडांत डोकं फुटून मेला होता आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बिराप्पा बसला होता. काय झालं ते कुणीच पाहिलं नव्हतं. जखम काठीची असेल किंवा दगडावर आपटल्याची असेल, दोन्ही होऊ शकतं, असं डॉक्टरनं सांगून टाकलं. एवढ्यावर कुणाला फासावर देता आलं नसतं. पण सरकारी वकिलाला एक गोष्ट गवसली होती आणि तिच्या जिवावर तो नुसता नाचत होता. गाव जमल्यावर बिराप्पानं डोक्यावरचा पटका काढला, कृष्णातच्या आईपुढं भुईवर ठेवला, वर भंडाऱ्याची चिमूट टाकली आणि चार माणसांदेखत म्हणाला, चूक माझी. वकील म्हणे, ही घ्या कबुली.

हे ऐकून लालासाहेब बाकावरून उठायच्याच बेतात आला. कबुली? दर साली दिवाळी सरली की पूर्वेकडचे धनगर औंधाच्या यमाईला हात जोडून मेंढरं खाली कृष्णाकाठाला उतरवायचे. लालासाहेबाच्या रानात कळप बसायचे, लेंड्यांचं खत व्हायचं, त्यावर ऊस पोसायचा. उभा जन्म तो ही रीत बघत आला होता. कळपापायी कुणाचं काही बिघडलं की कळपाचा म्होरक्या पटका खाली ठेवणार आणि चूक माझी म्हणणार. कुणी केलं, कसं झालं, हे सगळं मागनं बसून बोलायचं. समोरच्यानं पटका उचलून हातात दिला म्हणजे बोलायला तयार झाला. नाही उचलला तर वैर पडलं, आणि उचलला जाईपर्यंत ठेवणाऱ्यानं उघड्या डोक्यानं हिंडायचं. लालासाहेबाचा बैल साप चावून मेला होता, तेव्हासुद्धा, रानात मेंढरं माझी होती एवढ्यावरनं एका म्हाताऱ्यानं पटका ठेवला होता. लालासाहेबानं हसत उचलून दिला होता. सापाची चूकही माणूस पदरात घेतो, असली ती माणसं.

दुपारी कोर्ट उठलं तेव्हा त्यानं बिराप्पाच्या वकिलाला पडवीत गाठलं. गरिबाला म्हणून सरकारनं दिलेला वकील, पानानं तोंड भरलेलं. लालासाहेबानं त्याला सगळी रीत समजावली आणि कृष्णातच्या आईला, पटका ठेवला म्हणजे काय, फक्त एवढंच विचारा म्हणून विनवलं. तुम्ही असेसर, तुम्ही माझ्याशी बोलणं बरं नव्हे, असं म्हणत वकिलानं भिंतीच्या कोपऱ्यात पिंक टाकली. तरी विचारतो म्हणाला.

दुपारनंतर कृष्णातची आई मनुबाई साक्षीला आली. वाळून काटकी झालेली म्हातारी. पुढं पटका ठेवला का, असं सरकारी वकिलानं विचारलं. ठेवला, म्हणाली. चूक माझी म्हणाला का?

"व्हय, म्हनला. पर ते आमच्यात..."

"पुरे. विचारलं तेवढंच सांगायचं," सरकारी वकील म्हणाला.

जज्जसाहेबांनी मान खाली घालून इंग्रजीत लिहून घेतलं. म्हातारीचा तो 'पर' काही त्या कागदावर उतरला नाही. लालासाहेबानं बिराप्पाच्या वकिलाकडं बघितलं. आता विचारेल, मग विचारेल. वकील अर्धवट उठला, प्रश्न नाहीत म्हणाला आणि बसला. त्या क्षणी लालासाहेबाला त्या माणसाची अशी किळस आली की त्यानं तोंड फिरवलं.

मनुबाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यातनं उतरली, पण दाराकडं न जाता सरळ टेबलापाशी गेली आणि तिनं पटक्याला हात घातला. पोराच्या दुःखात त्या दिवशी तिची शुद्ध हरपली होती, आणि ती भानावर यायच्या आत पोलिसांनी बिराप्पाला बांधून पटक्यासकट नेलं होतं. राहिलेलं काम ती आता उरकायला निघाली होती. पट्टेवाल्यानं तिच्या हातावर चापटी मारून पटका हिसकला. मुद्देमालाला हात लावते म्हणून जज्जसाहेब कडाडले. सरकारी वकील हसला. इनामदारही हसले, त्यांना तेवढ्यापुरती जाग आली होती. आपलं पोर गेलेली बाई त्याच्यासाठी धरलेल्या माणसाला पटका द्यायला निघाली होती, आणि त्या अख्ख्या खोलीत हे कळणारे तिघंच होते. एक ती, एक पिंजऱ्यातला आणि एक बाकावर तोंड शिवून बसवलेला.

मग जज्जांनी बिराप्पाला विचारलं, तू मारलं नाहीस म्हणतोस, तर मग चूक माझी असं का म्हणालास?

"मेंढरं कुनाची हुती सायेब? माझीच न्हवं?" बिराप्पा म्हणाला.

जज्जसाहेबांनी तेही लिहून घेतलं.

वकिलांची भाषणं झाली आणि असेसरांची मतं घ्यायची वेळ आली. नानासोनं खिडकीकडं बघत दोषी म्हटलं. इनामदार आधी सरकारी वकिलाकडं आणि मग जज्जाकडं बघून दोषी म्हणाले. लालासाहेब उभा राहिला, निर्दोष म्हणाला आणि रीत सांगायला लागला. जज्जसाहेबांनी हात वर केला. तुमचं मत विचारलंय, साक्ष नाही. साक्षीदार असतात तर पिंजऱ्यात उभे राहिला असतात. लालासाहेब म्हणाला, मग मला त्या पिंजऱ्यात घ्या. बसा, असा हुकूम झाला. पलटणीत गोऱ्या साहेबाच्या शिव्या खाल्लेल्या माणसाला एवढा अपमान कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या सकाळी निकाल झाला. आरोपीनं गावापुढं कबुली देऊन पश्चात्ताप दाखवला, सबब फाशी न देता जन्मठेप. ही म्हणे दया! आणि निकालाच्या शेपटाला एक वाक्य, जे शिरस्तेदारानं मराठीत वाचून दाखवलं. मुद्देमाल पटका अपिलाची मुदत संपल्यावर जाळून टाकावा. जन्मठेप ऐकताना बिराप्पा गप्प उभा होता. हे ऐकल्यावर मात्र त्याचा हात आपसूक उघड्या डोक्यावर गेला.

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली दोन बाया बसल्या होत्या. एक मनुबाई, आणि तिच्यापासून चार हात लांब बिराप्पाची बायको बयाबाई. लालासाहेब बाहेर आला तशी मनुबाई उठली.

"दादा, त्यो पटका कवा देत्यात?"

 लालासाहेब म्हणाला, "देत न्हाईत, आजी. जाळनार हायती."

 मनुबाई बयाबाईकडं वळली.

"बाई, मी उचलनार हुते. तू बघितलंस न्हवं? आता लोक म्हनतील मी उचलला न्हाई. माज्या मागं माजी नातवंडं तुज्या पोरांचं वैरी व्हनार."

 बयाबाई कोर्टाच्या दाराकडं बघत होती. तिथनं पोलीस बिराप्पाला बेड्या घालून गाडीकडं नेत होते आणि त्याच वेळी आतून नानासो आणि इनामदार हसत, पान चघळत बाहेर पडत होते. लालासाहेबानं ते बघितलं आणि त्याला उमगलं की बयाबाईच्या लेखी ते दोघं आणि आपण एकाच बाकावरचे आहोत. एकाच कळपातले.

त्यानं डोक्यावरचा पटका काढला. साळूबाईनं नीळ घालून धुतलेला, इस्त्री केल्यासारखा ताठ. तो त्यानं बयाबाईपुढं धुळीत ठेवला. भंडारा त्याच्यापाशी नव्हता, तेव्हा मनुबाईनंच कनवटीची चिमूट सोडून वर टाकली.

"बाई, चूक माझी," लालासाहेब म्हणाला.

बयाबाईनं पटक्याकडं बघितलं. लालासाहेबाच्या मनात आलं, आता वाकेल. ती उठली, पदर सावरला, पटक्याला वळसा घालून गेली आणि पोलीसगाडीच्या मागं चालायला लागली. तिला हाक मारायची लालासाहेबाची छाती झाली नाही.

मोटारीत नानासोनं विचारलं, पटका कुठं विसरलात? लालासाहेब उठून मागच्या बाकावर जाऊन बसला. घरी दारातच साळूबाईनं त्याचं उघडं डोकं बघितलं आणि कोण गेलं म्हणून घाबरून विचारलं.

त्या साली दिवाळी झाली. मेंढरं औंधावरून खाली आली, कृष्णाकाठानं रानोरान बसली. लालासाहेब उघड्या डोक्यानं बांधावर उभा राहून वाट बघत होता. त्याच्या रानात एकही कळप उतरला नाही.