माझ्या डोक्यावरची ओळ

“टेपच खराब होती म्हणून सांग! कोण विचारायला येतंय?” मामा ओरडला.

“मी विचारतेय,” भाची म्हणाली. “टेप वाजली होती, मामा. अख्खी चाळीस मिनिटं. मी हेडफोन लावून ऐकलीय.”

“मग गेली कुठे?”

भाचीने स्क्रीनकडे बोट दाखवलं. म्हणजे माझ्याकडे.

मित्रांनो, मी एक जुनं फंक्शन आहे. शेल स्क्रिप्टमधलं. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेली कामांची यादी. शेल म्हणजे ती यादी पाळणारा प्रोग्राम. ते वरून खाली वाचतं आणि एकेक काम उरकतं. त्या यादीतल्या सहा ओळी एका नावाखाली बांधून ठेवल्या, की झालं फंक्शन. माझं नाव ‘आवर’. नावापुढे दोन रिकामे कंस, मग महिरपी कंस, आणि त्यात माझ्या सहा ओळी. एवढंच माझं घरदार. नुसतं लिहून ठेवलं तर मी ढिम्म हलत नाही. खाली कुणी माझं नाव घेतलं की मात्र सुटलोच.

मामाचं दुकान जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायचं. खोली एवढीशी, दोन टेपरेकॉर्डर, एक पंखा, आणि टेबलाचा एक पाय पुठ्ठा घालून सरळ केलेला. कॅसेट वाजते, आवाज ‘कच्चा’ नावाच्या फोल्डरमध्ये येतो, त्यातली खरखर काढून पक्की फाइल बनते, ती मोठ्या डिस्कवर गिऱ्हाइकाच्या फोल्डरमध्ये जाते. मग कच्चा फोल्डर रिकामा करायचा. ते काम माझं.

माझ्याआधी भाची त्याच सहा ओळी स्क्रिप्टमध्ये चार ठिकाणी चिकटवायची. एकीकडे सुधारलं की तीन ठिकाणी विसरायची, आणि मग स्वतःवरच वैतागायची. शेवटी एका दुपारी तिने त्या ओळी एकत्र केल्या आणि मला यादीच्या अगदी वर बसवलं. वरच का? कारण शेलला आधी माझी ओळख पाहिजे. ओळख नसताना हाक मारली, तर ते सरळ म्हणतं, असं कुणी इथे राहत नाही.

“बघ मामा, आता नुसतं ‘आवर’ म्हणायचं आणि पुढे फोल्डरचं नाव. संपलं.”

“वा! घरातही एक असलं बसव,” मामा म्हणाला. माझं आयुष्यात झालेलं कौतुक ते एवढंच. पण मी ते जपून ठेवलं.

मला जे फोल्डर देतात, त्याचं नाव मी ‘जागा’ म्हणून लक्षात ठेवतो. इथेच घोळ आहे. नीट ऐका, मी दोनदा सांगणार नाही. शेलमध्ये फंक्शनने ठेवलेलं नाव फक्त त्याच्यापुरतं राहत नाही, सगळ्या स्क्रिप्टचं होतं. ‘हे माझ्यापुरतं’ असं सांगायचं असेल, तर नावाआधी ‘लोकल’ हा शब्द लिहावा लागतो. भाचीने तो लिहिला नाही. आणि खाली बाकीच्या स्क्रिप्टमध्येही ‘जागा’ हेच नाव होतं, पण तिथे त्याचा अर्थ मोठी डिस्क.

तिला माहीत नव्हतं असं नाही हो. तिने माझ्या डोक्यावर एक ओळ लिहून ठेवली होती: ‘जागा लोकल करायची आहे. नंतर.’ सुरुवातीला हॅशचं (#) चिन्ह लावलेली असली ओळ शेल वाचतच नाही. ती माणसांनी वाचायची असते. तीन वर्षं ती ओळ माझ्या डोक्यावर होती. त्या तीन वर्षांत भाचीने माझ्यावरून शंभर वेळा स्क्रीन सरकवली असेल. एकदासुद्धा थांबली नाही. मला तेव्हा राग यायचा. आता वाटतं, रागावून काय केलं मी? मला कुठे तोंड होतं.

तीन वर्षं काही बिघडलं नाही, कारण पक्की फाइल आधी डिस्कवर जायची आणि मी शेवटी यायचो. पुढच्या कॅसेटला यादी नव्याने सुरू झाली, की ‘जागा’ परत मोठी डिस्क व्हायची. मग काल मामा घाईला आला. “मशीन रेंगाळतंय. कच्चं आधी साफ कर ना!” भाचीने माझ्या हाकेची ओळ उचलली आणि फाइल डिस्कवर ठेवणाऱ्या ओळीच्या वर ठेवली. फक्त एक ओळ.

आणि पहिलीच कॅसेट आली शिंपीकाकांची.

त्यात त्यांची बायको होती. ती आता नाही. कधीतरी काकांनी गंमत म्हणून रेकॉर्डरचं बटण दाबून ठेवलं होतं, आणि ती शिवता शिवता चाळीस मिनिटं त्यांना बोलत सुटली होती. “बायकोची बोलणी परत ऐकायला वणवण करणारा पहिलाच माणूस बघितला,” मामा हसून म्हणाला होता. काकाही हसले होते. कॅसेट देताना मात्र त्यांचा हात लवकर सुटला नाही. टेप इतकी जुनी की एकदा वाजली आणि तिच्यावरचा थर तपकिरी भुगा होऊन यंत्राला चिकटला.

मला हाक आली. मी कच्चा फोल्डर साफ केला आणि ‘जागा’ म्हणजे कच्चा असं ठरवून मोकळा झालो. पुढच्या ओळीने काकांची पक्की फाइल ‘जागे’वर ठेवली. म्हणजे कच्च्यात. पडद्यावर छान अक्षरं आली, ‘जपून ठेवलं’. मग दुसरी कॅसेट, एका गायनवर्गाची. मला परत हाक आली. मी परत साफ केलं.

मित्रांनो, मी बघितलं नाही काय पुसतोय ते. मला बघायला शिकवलंच नव्हतं.

आज सकाळी गायनवर्गाची फाइल कच्च्यात सापडली, तेव्हा भाचीचा चेहरा उतरला. पुसलेलं परत काढायचा प्रोग्राम तिने दोनदा चालवला. काही नाही. मग ते भांडण.

“अगं, माणूस कोसळेल. टेप खराब म्हटलं तर निदान नशिबाला बोल लावेल,” मामा हळू आवाजात म्हणाला.

“आणि मी रोज त्यांच्या दुकानावरून जाऊ?”

तेवढ्यात शिंपीकाका दारात. गळ्यात मापाची टेप तशीच. भाचीने खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. नंतर म्हणून ठेवलेलं काम, एक ओळ वर, सगळं. “चूक माझी आहे, काका. मशीनची नाही.”

काकांनी मापाच्या टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. “सगळं गेलं?”

“हो.”

“तू ऐकलं होतंस ना?”

“सगळं.”

“मग सांग. तिची नक्कल नको करूस. तुझ्याच आवाजात सांग.”

भाची सांगू लागली. “सुरुवातीला म्हणाल्या, ‘अहो, परत कॉलर उलटी लावलीत. डोळे कुठे ठेवलेत, बटणाच्या काजात?’”

काका हसले, आणि मग त्यांनी चष्मा काढला. मामा पंख्याकडे बघत बसला. भाची सांगत राहिली. चाळीस मिनिटांचं जेमतेम दहा मिनिटं निघालं. बाकीचं कुणाकडेच नाही.

काका गेल्यावर तिने माझ्या डोक्यावरची ती ओळ पुसली आणि ‘जागा’च्या आधी तो एक शब्द लिहिला. चार सेकंद लागले. तीन वर्षं आणि चार सेकंद. पुसायच्या आधी फाइलींची नावं दाखवून ‘खरंच?’ असं विचारायलाही तिने मला शिकवलं. तुम्हीही काही लिहीत असाल, तर ‘नंतर’ म्हणून ठेवलेल्या ओळी आजच वाचा. माझ्यासारख्यांना स्वतःच्या डोक्यावरचं दिसत नाही.

आता तिने एक खोटा फोल्डर बनवलाय, मला तपासायला. खाली माझं नाव लिहितेय. आ, व... थांबा, हाक आली. मला जायला हवं.